ऑस्ट्रेलियात कॅज्युअल नोकरी: पहिली शिफ्ट घेण्याआधी

मेलबर्नला टारनीट नाहीतर क्लेटन, सिडनीला हॅरिस पार्क. तिथे नव्याने उतरलेल्या आपल्या मुलामुलींची पहिली नोकरी साधारण ठरलेलीच असते. रेस्टॉरंटच्या किचनमध्ये भांडी आणि कांदा, पेट्रोल पंपाच्या दुकानातलं काउंटर, सुपरमार्केटात रात्री माल लावणं, ऑफिसांची सफाई, वृद्धाश्रमातली पाळी. यातल्या बहुतेक नोकऱ्या कॅज्युअल म्हणूनच मिळतात. आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगून मोकळं होतं, "कॅज्युअलला कसले आलेत हक्क? बोलावलं तर यायचं, नाही बोलावलं तर घरी बसायचं."

यातला दुसरा भाग बराचसा खरा आहे, पहिला साफ खोटा. कायद्याने हा रोकडा सौदा आहे. पुढच्या आठवड्यात काम देईनच, असा शब्द मालकाने द्यायचा नाही आणि त्या अनिश्चिततेचे दर तासाला जास्तीचे पैसे मोजायचे. पुष्कळ मालकांना सौद्याची पहिली बाजू पाठ असते आणि दुसरी सोयीस्करपणे आठवत नाही. पुढचं सगळं त्या दुसऱ्या बाजूबद्दल.

आधी पाहा: तुम्ही खरंच कॅज्युअल आहात का

नोकऱ्यांचा मुख्य कायदा म्हणजे 2009 चा फेअर वर्क कायदा. त्यातली कॅज्युअलची व्याख्या 26 ऑगस्ट 2024 पासून बदलली. आता दोन गोष्टी बघतात. एक, काम पुढे चालूच राहील असं पक्कं आश्वासन मालकाने दिलेलं नाही. दोन, तुम्हाला कॅज्युअलचा वाढीव दर मिळायला हवा. 2021 मध्ये तिथल्या हायकोर्टाने (ते देशातलं सगळ्यात वरचं न्यायालय) एका खटल्यात करारात काय लिहिलंय त्याला जवळपास सगळं वजन दिलं होतं. नव्या व्याख्येत कागदाबरोबरच प्रत्यक्षात काय चालतं तेही बघतात. तुम्हाला काम नाकारता येतं का? मालकाला ते द्यावंच लागतं का? तेच काम करणारे कायम कर्मचारी तिथे आहेत का? दर आठवड्याला तेच वार, तेच तास आहेत का? नुसतं रोस्टर ठरलेलं आहे म्हणून तुम्ही आपोआप कायम होत नाही, पण ती जमेची बाजू नक्कीच आहे.

रुजू होताना मालकाने दोन माहितीपत्रकं द्यायची असतात, एक सगळ्या कर्मचाऱ्यांसाठीचं आणि एक खास कॅज्युअलसाठीचं. दोन्ही फुकट आहेत, फेअर वर्क ओम्बड्समनच्या, म्हणजे नोकरीचे कायदे पाळले जातात का ते बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवर पडलेली असतात, ईमेलने पाठवली तरी चालतं. जो मालक एवढीही तसदी घेत नाही, त्याच्याकडे बाकीचे हिशेब कसे असतील याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

मग दर काढा

हे काम मुलाखतीला जाण्याआधी करायचं. 1 जुलै 2025 ला देशाचं किमान वेतन तासाला 24.95 डॉलर झालं. कॅज्युअलला त्यावर 25 टक्के वाढ, म्हणजे 31.19 डॉलर. दर वर्षी 1 जुलैला दर बदलतो, त्यामुळे हा आकडा वाचाल तेव्हा एकदा ताडून घ्या. वय 21 च्या आत असेल तर दर कमी असू शकतो.

ही झाली तळरेषा. प्रत्यक्षात बहुतेक नोकऱ्यांना त्या-त्या धंद्याचं 'अवॉर्ड' लागू होतं. अवॉर्ड म्हणजे एकेका क्षेत्रापुरते पगार, सुट्ट्या, जेवणाची वेळ, रात्रपाळी यांचे नियम. शंभराहून जास्त अवॉर्ड्स आहेत. रेस्टॉरंटचं वेगळं, पब आणि लॉजिंगचं वेगळं, किरकोळ दुकानांचं वेगळं, फास्ट फूडचं वेगळं, सफाईचं वेगळं. ओम्बड्समनच्या साइटवर पगार काढायचा कॅल्क्युलेटर आहे. आपलं काम, वय, वार आणि वेळ टाकली की तो दर दाखवतो. त्याचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये ठेवा.

शनिवार-रविवार आणि सार्वजनिक सुट्टीला दर वेगळा असतो, इथेच नवी मुलं सगळ्यात जास्त फसतात. रेस्टॉरंट अवॉर्डमध्ये कॅज्युअल माणसाला शनिवारी मूळ दराच्या 150 टक्के आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी 250 टक्के मिळायला हवेत. नाताळच्या दिवशी नेहमीच्याच दराने बारा तास राबवून वर "जेवण फुकट दिलं ना" म्हणणारे महाभाग आहेत. जेवण फुकट दिल्याने दर कमी होत नाही.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, एका रेस्टॉरंटने तुम्हाला तासाला 18 डॉलर रोख देऊ केले, आठवड्याला 20 तास, सगळे सोमवार ते शुक्रवार. 31.19 मधून 18 वजा केले की तासाला 13.19 डॉलर बुडाले. आठवड्याला 263.80. सहा महिन्यांत, म्हणजे 26 आठवड्यांत, 6,858.80 डॉलर. सुपरची, म्हणजे मालकाने तुमच्या निवृत्ती फंडात भरायची, रक्कम आणि शनिवार-रविवारचा वाढीव दर यात धरलेलाच नाही. घरून फीसाठी कर्ज काढून आलेल्या मुलाला ही रक्कम काय असते ते वेगळं सांगायला नको.

"पण रोखीत टॅक्स कापला जात नाही ना," हा युक्तिवाद हमखास ऐकायला मिळतो. सहा महिने किंवा जास्त मुदतीच्या कोर्सला आलेला विद्यार्थी करासाठी सहसा रहिवासी धरतात आणि रहिवाशाला वर्षाला 18,200 डॉलरपर्यंत आयकरच नाही. त्यापुढच्या रकमेवर लागतो तो करही या तुटीपुढे थोडाच. रोख पगार बेकायदा नाही. पेस्लिप न देणं, कर न कापणं, सुपर न भरणं बेकायदा आहे.

टीएफएन घ्या, एबीएनपासून सांभाळा

टॅक्स फाइल नंबर, म्हणजे टीएफएन, करखात्याकडून ऑनलाइन फुकट मिळतो. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. तो मालकाला दिलाच नाहीत तर पगारावर सगळ्यात वरच्या दराने कर कापतात. दोन ठिकाणी काम करत असाल तर करमुक्त मर्यादेचा फायदा एकाच मालकाकडे मागायचा, नाहीतर वर्षअखेरीला कर भरावा लागतो.

एबीएनची, म्हणजे ऑस्ट्रेलियन बिझनेस नंबरची, गोष्ट निराळी. तो नंबर स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. कामाची वेळ मालक ठरवतो, गणवेश त्याचा, झाडू त्याचा, गिऱ्हाईक त्याचं, तुमच्या बदली तुम्ही दुसऱ्याला पाठवू शकत नाही, आणि तरीही तो म्हणतो "एबीएन काढ आणि मला इनव्हॉइस दे". याचा अर्थ तो किमान वेतन, सुपर आणि अपघाताचा विमा, तिन्हींतून अंग काढून घेतोय. सफाई, बांधकाम आणि पार्सल पोचवण्याच्या कामात हा प्रकार फार. नोकराला जाणूनबुजून कंत्राटदार दाखवणं बेकायदा आहे. अॅपवरून जेवण पोचवणाऱ्यांचं गणित वेगळं. ते सहसा कॅज्युअल कर्मचारी नसतात, त्यांच्यासाठी निराळे नियम आहेत, म्हणून या लेखातलं बरंचसं त्यांना लागू नाही.

ट्रायल आणि 'ट्रेनिंग'

काम जमतं की नाही हे दाखवायला मालकाच्या नजरेखाली थोडा वेळ बिनपगारी काम करणं चालतं. किती वेळ? त्या कामाचं कसब दाखवायला लागेल तेवढाच. कॉफी करून दाखवायला तासभर पुरतो. शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन भरगर्दीच्या संध्याकाळी फुकट राबवून सोमवारी "कळवतो" म्हणणं म्हणजे ट्रायल नव्हे. ते काम झालं आणि त्याचा पगार लागतो. रुजू झाल्यावरचं ट्रेनिंग, दुकान उघडण्याआधीची मांडामांड, बंद झाल्यावरची फरशी पुसणं आणि सक्तीची मीटिंग हे सगळं पगारी.

बोलावून अर्ध्या तासात परत पाठवण्यालाही मर्यादा आहे. रेस्टॉरंट अवॉर्डमध्ये कॅज्युअल माणसाला एका खेपेला किमान 2 तासांचे पैसे द्यावे लागतात, किरकोळ दुकानांच्या आणि फास्ट फूडच्या अवॉर्डमध्ये साधारणपणे 3 तासांचे. गिऱ्हाईक नाही म्हणून चाळीस मिनिटांत घरी पाठवलं तरी हे पैसे मिळायला हवेत.

काउंटरवर कमी भरलेले पैसे, फुटलेल्या प्लेटा, बिल न देता पळालेलं गिऱ्हाईक, यांचे पैसे तुमच्या पगारातून परस्पर कापता येत नाहीत. आणखी एक चलाखी ऐकून ठेवा. पूर्ण पगार बँकेत जमा करायचा, पेस्लिप अगदी नियमाप्रमाणे द्यायची, आणि मग गल्ल्यामागे बोलावून त्यातले दोनशे डॉलर रोख परत मागायचे. हे बेकायदा आहे. असं कुणी मागितलं तर तारीख आणि रक्कम लगेच टिपून ठेवा.

पेस्लिप त्यांची, वही तुमची

पगार झाल्यापासून एका कामाच्या दिवसाच्या आत पेस्लिप मिळायला हवी. मालकाचं नाव आणि त्याचा एबीएन, कोणत्या तारखांचा पगार, तास, दर, वाढीव दराची रक्कम, कापलेला कर, सुपर किती आणि कोणत्या फंडात, एवढं त्यावर बघा. तुमच्या तासांच्या नोंदी मालकाने 7 वर्षं ठेवायच्या असतात. पण त्याच्या नोंदींवर विसंबू नका. ओम्बड्समनचं 'रेकॉर्ड माय अवर्स' नावाचं फुकट अॅप आहे. तेही नको असेल तर साधी वही घ्या:

सोम 14, आलो 4:55, निघालो 11:20, जेवणाची सुट्टी नाही, किचनमध्ये मी आणि अजून एक.

बस, एवढीच ओळ, रोज, घरी परतताना ट्रेनमध्येच लिहायची. रोस्टरचा फोटो आणि "उद्या 5 ला ये" असे व्हॉट्सअॅप मेसेज पुसू नका. नोकरी सुटली की मालकाचा ग्रुप सगळ्यात आधी तुम्हाला बाहेर काढतो, म्हणून चॅट आधीच एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करून ठेवा.

काय मिळत नाही, काय मिळतं

पगारी वार्षिक रजा नाही. पगारी आजारपणाची रजा नाही. काढण्याआधी नोटीस नाही, कामावरून कमी केल्याची भरपाई नाही. ताप आला तर त्या दिवसाचे पैसे गेले, हे गृहीत धरूनच महिन्याचं बजेट आखा. त्या 25 टक्क्यांत हे सगळं आलं.

तरीही पदरात बरंच उरतं. घरात हिंसाचार सोसणाऱ्या कर्मचाऱ्याला वर्षाला 10 दिवसांची पगारी रजा आहे आणि ती कॅज्युअललाही पहिल्या दिवसापासून लागू आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या कित्येक जणींना याचा पत्ताच नसतो. घरच्यांच्या आजारपणासाठी आणि निकटच्या माणसाच्या मृत्यूसाठी प्रत्येक वेळी 2 दिवसांची बिनपगारी रजा मिळते. कामावर हात भाजला, पाठ धरली तर राज्याच्या कामगार विम्याखाली उपचार आणि भरपाई मागता येते. तिथे व्हिसा कोणता आणि कॅज्युअल की कायम, हे आडवं येत नाही. "इन्शुरन्सला कळवू नको, तुझ्या स्टुडंट इन्शुरन्समधून दाखव" असं मालक म्हणाला तर ऐकू नका.

48 तासांचा फास

स्टुडंट व्हिसावर कोर्स चालू असताना पंधरवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, 1 जुलै 2023 पासून. सुट्टीत मर्यादा नाही. संशोधनातून मास्टर्स किंवा पीएचडी करणाऱ्यांनाही, कोर्स सुरू झाल्यावर, नाही. पंधरवडा सोमवारी सुरू होतो आणि प्रत्येक सोमवारी नवा सुरू होतो, इथेच गफलत होते. पहिल्या आठवड्यात 20 तास, दुसऱ्यात 28, तिसऱ्यात 24 केले, तर पहिला-दुसरा मिळून 48, ठीक. दुसरा-तिसरा मिळून 52, मर्यादा ओलांडली. सगळ्या नोकऱ्यांचे तास एकत्र मोजतात, रोखीतलेही.

मालकाला हे पक्कं माहीत असतं. नाताळच्या आधी "आठवडाभर थोडं जास्त कर, रोखीत देतो" म्हणतो, आणि नंतर पगार मागितला की "इमिग्रेशनला फोन करू का?" या एका वाक्यावर कित्येक धंदे चाललेत, आणि म्हणणारा बरेचदा आपलाच, आपल्या भाषेत बोलणारा, दिवाळीला घरी बोलावणारा असतो. भिडेपोटी गप्प बसणारी मुलं त्याला बरोबर सापडतात.

या धमकीला आता उत्तर आहे. 1 जुलै 2024 पासून व्हिसाचा धाक दाखवून कुणाला पिळवणुकीच्या अटींवर राबवणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्याच महिन्यात व्हिसाचं संरक्षणही आलं. पिळवणुकीमुळे व्हिसाची कामाची अट मोडली गेली, त्याबद्दल तुम्ही दाद मागितलीत, मान्यताप्राप्त संस्थेकडून तसं प्रमाणपत्र घेतलंत आणि पुढे अट पाळायची तयारी दाखवलीत, तर साधारणपणे त्या कारणावरून व्हिसा रद्द करत नाहीत. अटी आहेत, म्हणून आधी वकिलाचा सल्ला घ्या. पण धमकी ऐकून पगार सोडून देऊ नका. तास मर्यादेपेक्षा जास्त झाले असले तरी त्या तासांचा पगार तुमचाच.

सहा महिन्यांनी एक निर्णय

सहा महिने झाले (पंधरापेक्षा कमी माणसं असलेल्या छोट्या धंद्यात बारा) आणि तुमचं काम आता कॅज्युअलसारखं राहिलेलं नाही असं वाटलं, तर कायम करा अशी लेखी सूचना मालकाला देता येते. त्याने 21 दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. नाकारायचं तर कारण द्यायचं. त्याने स्वतःहून तुम्हाला कायम करण्याची सक्ती नाही आणि तुम्हीही मागायलाच हवं असं नाही.

मागावं का? माझं मत विचाराल तर विद्यार्थ्याने घाई करू नये. कायम पार्ट-टाइम झालात की 25 टक्के जातात, बदल्यात तासांच्या प्रमाणात पगारी रजा आणि नोटीस मिळते. परीक्षेच्या आठवड्यात शिफ्ट नाकारण्याची मोकळीक कॅज्युअलमध्येच जास्त. कोर्स संपवून पुढच्या व्हिसावर गेलेल्याने, विशेषतः घरात मूल असेल किंवा घरासाठी कर्ज काढायचं असेल तर, मात्र जरूर विचार करावा.

पगार कमी मिळाला तर

आधी कॅल्क्युलेटरने फरक काढा, आठवडावार, वहीतल्या तासांवरून. मग मालकाला एक साधा ईमेल किंवा मेसेज: या तारखेपासून या तारखेपर्यंत इतके तास केले, अवॉर्डप्रमाणे इतके व्हायला हवे होते, इतके मिळाले, फरक इतका, या तारखेपर्यंत द्यावा. रागाचा एकही शब्द नको. बरेच जण इथेच पैसे देतात, कारण लेखी आकडा समोर आला की पुढे काय होऊ शकतं ते त्यांना कळतं.

नाही दिले तर ओम्बड्समनला 13 13 94 वर फोन करा. हिंदी दुभाषा हवा असेल तर आधी 13 14 50 वर. मदत फुकट आहे. मेलबर्नमध्ये जॉबवॉच आणि सिडनीत रेडफर्न लीगल सेंटर या संस्थांचे वकील फुकट सल्ला देतात. 1,00,000 डॉलरपर्यंतचे दावे न्यायालयाच्या लघुवाद पद्धतीने चालवता येतात, तिथे वकिलाशिवाय उभं राहता येतं. मागची 6 वर्षं दाव्याची मुदत आहे, म्हणजे नोकरी सोडल्यावरही मागता येतं. जाणूनबुजून पगार बुडवणं 1 जानेवारी 2025 पासून फौजदारी गुन्हाही झालंय. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात मात्र मालक एकटा किंवा भागीदारीत धंदा करत असेल, तर तिथल्या राज्याचा कायदा लागतो आणि दारही वेगळं ठोठावावं लागतं.

तक्रार केली म्हणून शिफ्ट बंद झाल्या तर? पगाराबद्दल विचारलं म्हणून काढणं हे हक्कांवर गदा आणणारं कृत्य धरतात, आणि काढलं असेल तर त्यासाठी फेअर वर्क कमिशनकडे (नोकरीच्या वादांचा निवाडा करणारं न्यायाधिकरण) 21 दिवसांत अर्ज करायचा. किती महिने काम केलं याची अट नाही. अन्यायाने काढल्याचा दावा मात्र सहा महिने (छोट्या धंद्यात बारा) नियमित काम केलेल्या आणि पुढेही ते मिळेल अशी रास्त अपेक्षा असलेल्या कॅज्युअललाच करता येतो, मुदत तीच, 21 दिवस. हे दिवस फार पटकन जातात. "बोलून बघतो" म्हणत महिना घालवला की अपवादात्मक कारणाशिवाय दार बंद.

सुपर विसरू नका

पगाराच्या 12 टक्के रक्कम मालकाने स्वतःच्या खिशातून तुमच्या निवृत्ती फंडात भरायची असते, कॅज्युअललाही. महिन्याला 450 डॉलर कमाईची जुनी अट जुलै 2022 मध्येच गेली. वय 18 च्या आत असेल तर आठवड्याला 30 तासांहून जास्त काम लागतं. पेस्लिपवर सुपरचा आकडा छापलेला असणं आणि तो फंडात पोचलेला असणं, यात कधीकधी फार अंतर असतं. म्हणून फंडाच्या अॅपमध्ये जाऊन जमा बघा. पूर्वी मालकाला तिमाहीची सवलत होती. 1 जुलै 2026 पासूनच्या नियमाप्रमाणे पगाराच्या दिवसापासून 7 कामकाजाच्या दिवसांत पैसे फंडात पोचायला हवेत. पोचले नाहीत तर तक्रार करखात्याकडे.

दर नव्या नोकरीला नवा फंड उघडू नका, प्रत्येकाची फी वेगळी कापली जाते. जुन्याच फंडाचा नंबर द्या. कायमचं परत जायचं ठरलं, तर देश सोडून व्हिसा संपल्यावर हे पैसे करखात्याच्या साइटवरून ऑनलाइन मागता येतात. त्यावर साधारण 35 टक्के कर कापतात, उरलेले भारतातल्या खात्यात येतात. निघण्याआधी फंडातला ईमेल कॉलेजचा असेल तर तो बदलून स्वतःचा टाका. कॉलेजचा ईमेल बंद झाल्यावर लॉगिन परत मिळवताना फार नाकीनऊ येतात.